बोळकं आणि तिरपी

वेल्डरचा हात जड होता, हे त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. बायको गेली त्या दिवशी तो हात सगळ्यांनी पाहिला होता. सळयांनी भरलेला ट्रक मागं घेता घेता ड्रायव्हरनं तिला भिंतीशी चिरडलं. वेल्डरनं त्या ड्रायव्हरला कॉलर धरून केबिनमधून खाली ओढलं आणि भर रस्त्यात त्याची अशी कणीक तिंबली, की चार-पाच जण अंगाला लोंबकळले तेव्हा कुठे तो बाजूला झाला. त्याची सासू तिथंच फुटपाथवर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. जावयाकडे बघून एकच म्हणत होती, "सोडू नकोस. सोडू नकोस त्याला."

ड्रायव्हर वाचला. एक पाय फरपटत चालतो म्हणे. लोकांनी वेल्डरला समजून घेतलं, पोलिसांनीही दम देऊन घरी पाठवलं. त्यामुळे आपला हात जड असला तरी आंधळा नाही, पडायचा त्याच माणसावर पडतो, असं वेल्डरच्या मनानं घेतलं होतं.

सासू त्याच्याकडेच राहिली. तिला दुसरं कुणी नव्हतं आणि त्यालाही. एरवी सासू-जावई एका घरात म्हणजे गल्लीला आयता तमाशा, पण या घरातून आवाजच येईना. म्हातारीचा तोंडाचा पट्टा पूर्वी अख्ख्या जिन्याला ऐकू जायचा. तो लेकीबरोबर थांबला. ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची, समोर ठेवलेलं खायची आणि ताट तिथंच सोडायची. वेल्डर संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, तेव्हा घर त्याला खायला उठायचं.

जनावरांच्या दवाखान्याचं फाटक बिजागरीतून निखळलं म्हणून त्याला बोलावणं आलं. दुपारची वेळ होती. तो फाटकाशी उकिडवा बसून जोड देत होता, तोच एक बाई छातीशी बुटांचं खोकं धरून आत गेली. जाताना तिनं त्याला वळसा घातला, असा की तो जणू भुंकणारा कुत्राच होता. तिचा खालचा ओठ सुजून काळानिळा पडला होता.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतलं बोलणं फाटकापर्यंत ऐकू येई. वेल्डरनं तोंडावरचा मुखवटा वर सारला.

"हे दोघं पडले," बाई म्हणाली.

"कुठून पडले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाईनं खोकं टेबलावर ठेवून झाकण काढलं. मग बाई म्हणाली, "भिंतीवरून."

"भिंतीवरून, की भिंतीवर?"

वेल्डर उठून दारात आला. टेबलावर दोन गिनीपिग होते. एक तपकिरी, अंगानं नुसता हाडांचा सापळा, आणि हनुवटी लाळेनं ओली. दुसरी पांढरी-काळी. तिची मान एका खांद्यावर इतकी कलली होती की एक डोळा छताकडे आणि एक टेबलाकडे. ती चालायला गेली की गोल गोल फिरायची आणि शेवटी कुशीवर कोलमडायची.

"याचा जबडा मोडून वाकडा जुळलाय," डॉक्टरीणबाई तपकिरी गिनीपिगच्या तोंडात बारीक दिवा धरून म्हणाल्या. "हे आजचं नाही. तेव्हाच का नाही आणलं?"

"तेव्हा मला घराबाहेर पडता आलं नाही."

"यांचे दात जन्मभर वाढतात. वरचे खालच्यांवर घासले तर झिजतात. याचे घासतच नाहीत, म्हणून जिभेवर कमान झालीय. समोर गवत असून उपाशी आहे हा. मी आज भूल देऊन दात कापते, पण ते पुन्हा वाढणार आणि पुन्हा कापावे लागणार. रोज चार वेळा हातानं भरवावं लागेल. एक दिवस पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि खेळ खलास. हिच्या कानाच्या आत मार बसलाय. औषधानं सूज जाईल, मान मात्र अशीच राहील. करेल कोण हे सगळं? तू?"

"घरी नेले तर राहिलेलं काम तो पुरं करील," बाई म्हणाली. "मागच्या वेळी म्हणाला, उंदरांवर जीव टाकतेस, नवऱ्याच्या ताटाकडे बघत नाहीस. आणि फेकले. माझ्या डोळ्यांसमोर."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्याकडे जागा नव्हती. मागच्या खोलीत पिंजऱ्यावर पिंजरे चढले होते.

"मी नेतो," वेल्डर दारातून म्हणाला. दोन्ही बायका दचकल्या. तोही थोडा दचकलाच.

घरी त्यानं खोकं सासूच्या मांडीवर ठेवलं. तिनं झाकण उघडलं आणि कित्येक महिन्यांनी तिचा आवाज जिन्यात घुमला.

"अरे देवा! उंदीर आणलेस?"

"गिनीपिग आहेत आई."

"शेपूट नसली म्हणून काय झालं, उंदीर तो उंदीरच! आणि हे काय, एकाला दात नाहीत, एकीची मान वाकडी! आणायचेच होते तर धड तरी आणायचे. या बोळक्याला काय मी चावून भरवू? माझ्याच तोंडाचं बोळकं झालंय!"

नावं अशी पडली. तपकिरी तो बोळकं, पांढरी-काळी ती तिरपी.

भरवणं म्हणजे लाडाचं काम असेल, असं वेल्डरला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्याच्या नाकी नऊ आले. वाळलेल्या गवताचा भुगा कोमट पाण्यात कालवायचा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचा, आणि बोळक्याला टॉवेलात गच्च गुंडाळून गालाच्या कडेनं तोंडात सोडायचा. बोळकं जिवाच्या आकांतानं लाथा झाडायचं, किंचाळायचं, मान फिरवायचं. ढिलं धरलं तर निसटून फरशीवर आपटेल. आवळून धरलं तर छाती दबेल. वेल्डरनं आयुष्यभर लोखंड वाकवलं होतं. एवढ्याशा जिवाला मोडू न देता धरायचं कसं, हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं. त्याचं अंग घामानं निथळलं, शर्टावर हिरवा चिखल झाला आणि बोळक्याच्या पोटात जेमतेम चमचाभर गेलं.

"दे इकडे," म्हातारी म्हणाली. "गळा दाबतोयस की जेवण घालतोयस? लेकीला गोवर झाला होता तेव्हा अशीच तोंड मिटून बसायची. खालून आधार दे. पाय टेकले की भीती कमी होते."

तिच्या हातून बोळक्यानं खाल्लं. मोठ्या नाखुशीनं, पण खाल्लं. म्हातारी त्याला प्रत्येक घासाला शिव्या देत होती आणि त्या शिव्या ऐकून वेल्डरला गहिवरून आलं. तो तोंड धुवायला मोरीत गेला.

हळूहळू त्याच्याही हाताला पकड सापडली. सकाळी दुकानात जाण्याआधी तो भरवायचा, दुपारी आणि संध्याकाळी म्हातारी, झोपण्याआधी जो जागा असेल तो. तिरपीला फारसं काही लागत नसे. पिंजऱ्यात टॉवेलच्या वळकट्या दोन्ही बाजूंना लावून दिल्या की ती त्यांना टेकून नीट बसायची. ढोबळी मिरचीची फोड दिसली की वाकड्या मानेनं नेमकी उलट्या दिशेला झेप घ्यायची आणि मग गोल फिरून शेवटी पोचायची. म्हातारी त्यावर डोळ्यांत पाणी येईतो हसायची. "अगदी माझ्या नवऱ्यासारखी चाल," म्हणायची.

ती बाई डॉक्टरीणबाईंकडून पत्ता घेऊन आली. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती मशीनवर शिवत असे. सुट्टीच्या दुपारी यायची, पिंजऱ्यापुढे फरशीवर बसायची. तिचा आवाज ऐकला की दोघंही शिट्टीसारखे ओरडायला लागत. म्हातारी तिला पोरी म्हणायची, ती म्हातारीला मावशी आणि वेल्डरला दादा. नवरा पाण्याचा टँकर चालवतो, एवढंच तिनं त्याच्याबद्दल सांगितलं. बाकीचं तिच्या अंगावर वाचायला मिळे. कधी मनगटावर बोटांचे वळ, कधी कानामागं केसांचा पुंजका उपटलेला.

एकदा ती आली ती पिशवीत कपडे कोंबूनच. चालताना एका हातानं पोट धरत होती. म्हातारीनं तिला पाणी दिलं, स्वतःच्या पलंगाकडे बोट दाखवलं आणि जावयाला म्हणाली, "ही इथं राहील. काही म्हणायचं असेल तर मला म्हण." वेल्डरला काहीच म्हणायचं नव्हतं.

टँकरवाला आधी दुकानात आला. गोरागोमटा, भांग पाडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. वेल्डरनं मनात भलताच राक्षस उभा केला होता, त्यामुळे क्षणभर त्याला ओळखच पटेना.

"तूच का तो उंदीरवाला?" टँकरवाला स्टूल ओढून बसला. "कारखान्यापासून तिच्या मागं मागं तुझ्या दारापर्यंत येऊन गेलो मी. म्हटलं, आधी पुरुषाशी पुरुषासारखं बोलावं. एक काय ते ठरव बाबा. उंदीर ठेव आणि बायको पाठव. नाहीतर बायको ठेव आणि उंदीर पाठव. दोन्ही कसं चालेल?" आणि आपल्याच विनोदावर खदखदून हसला.

"ऊठ," वेल्डर म्हणाला. "ऊठ आणि चालता हो."

"रागावू नकोस. तुला काय वाटतं, मी उगाच मारतो? तिलाच विचार. दर वेळी काहीतरी कारण असतं."

वेल्डर वळला. उगारायला काही हवं म्हणून नव्हे, हात आवरायला हवेत म्हणून वळला. आपले हात तो ओळखून होता. तेवढ्यात मागून पाना त्याच्या कानशिलावर बसला. कानात एकदम घंटा वाजल्यासारखं झालं आणि फरशी वर आली. सावरून बसेपर्यंत टँकर गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. डोक्याला टाके पडले. चौकीवर अंमलदारानं सगळं ऐकून घेतलं, जांभई दिली आणि म्हणाला, "नवरा-बायकोच्या भांडणात तुम्ही कशाला पडता?"

त्यानंतर काही दिवस शांत गेले. वेल्डर कारखान्याच्या फाटकापर्यंत बाईला सोडायचा आणि आणायचा. घरी म्हातारी दाराला कडी घालून बसायची. टँकरवाला दिसला नाही. पण वेल्डरच्या डोक्यात टाक्यांखाली काहीतरी ठसठसत राहिलं. काम करताना तो मनातल्या मनात त्याला मारत असे. कुठे मारायचं, कसं पाडायचं, आधी काय मोडायचं. ठिणग्या उडत आणि त्याला त्यातून तो हसरा चेहरा दिसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच, कारण त्यात त्याला गोडी लागली होती.

कारखान्यात मोटार जळाली म्हणून बायकांना दुपारीच घरी सोडलं, त्या दिवशी ती एकटीच परत आली. वेल्डर दुकानात होता. गल्लीतला इस्त्रीवाला धावत आला. त्याच्या हातात कुणाचा तरी अर्धवट इस्त्री केलेला शर्ट तसाच होता.

"चल लवकर! तुझं दार फोडलंय!"

वेल्डर निघाला. हातातली लोखंडी पट्टी खाली ठेवायचं त्याला भान राहिलं नाही, असं त्यानं पुढं सांगितलं. ते खरं नव्हतं. त्यानं ती ठेवली होती, आणि दोन पावलं गेल्यावर परत येऊन उचलली होती.

दार एका बिजागरीवर लोंबत होतं. गवत सगळीकडे उधळलेलं. पिंजरा भिंतीशी चेपून पडला होता. म्हातारी फरशीवर बसून एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून होती, आणि ते मनगट भलतीकडेच वळलं होतं. उंबऱ्याशी तिरपी पडली होती. बुटाच्या टाचेखाली तिचं काय झालं होतं ते वेल्डरनं एकदाच पाहिलं. मान आता कुठल्याच बाजूला कललेली नव्हती. बोळकं कुठं दिसत नव्हतं.

स्वयंपाकघरातून टँकरवाला बायकोला केसांनी ओढत बाहेर आणत होता. ती दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी लटकली होती आणि तो बुटानं तिच्या बोटांवर लाथा घालत होता. त्याचा भांग विस्कटला होता, तोंडावर मात्र तेच हसू. वेल्डरला बघून म्हणाला, "आला बघ तुझा उंदीर..."

पुढचा शब्द त्याला बोलता आला नाही. पट्टी त्याच्या दंडावर बसली आणि आत काहीतरी कडकन मोडल्याचं खोलीभर ऐकू आलं. केस सुटले. दुसरा घाव बरगड्यांवर. तो भिंतीला टेकला, घसरला, शिव्या देत उठायला गेला. वेल्डरनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला, पट्टी टाकली आणि मुठींनी सुरू झाला. नाक फुटलं. भुवई फाटली. डोळा बुबुळासकट लाल झाला आणि मग दिसेनासा झाला. खरं सांगायचं तर वेल्डरला बरं वाटत होतं. इतके दिवस मनात घोकलेलं सगळं हात आपोआप करत होते. कुठून तरी म्हातारीचा आवाज येत होता, "सोडू नकोस! सोडू नकोस त्याला!" आणि त्याला एकदम पाठबळ मिळाल्यासारखं झालं. समोरचा माणूस हात हलवायचा थांबला होता, तरी वेल्डर थांबला नाही.

"पुरे! दादा, पुरे! मरेल तो!"

बाईनं मागून त्याचा हात धरला. त्यानं हिसडा दिला. तिनं पुन्हा धरला, आता दोन्ही हातांनी, लोंबकळून. वेल्डरनं वळूनही न बघता कोपर मागं हाणलं. पूर्ण ताकदीनं, जसं समोरच्याला मारत होता तसं.

मऊ काहीतरी लागलं. मग टणक. मग वजन गेलं.

त्यानं वळून पाहिलं. बाई कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून गोळा होऊन बसली होती. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरलेले, गुडघे पोटाशी. अंगाचा इतका लहान गोळा करायला सराव लागतो. ओठातून रक्ताची धार गळ्यावर चालली होती आणि पुढचा एक दात फरशीवर पडला होता. ती भराभर पुटपुटत होती, "चुकलं माझं. चुकलं. परत नाही मध्ये पडणार. परत नाही बोलणार. चुकलं."

वेल्डर म्हणाला, "अगं, मी आहे."

त्याच्या आवाजासरशी ती आणखी आक्रसली.

तो तसाच उभा राहिला. मुठी उघडेनात. म्हातारी ओरडायची थांबली होती. खोलीत फक्त टँकरवाल्याच्या घशातली घरघर, आणि गॅसच्या शेगडीखालून बोळक्याच्या दातांची बारीक कटकट.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. टँकरवाला वाचला. उजव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, बरगड्या गेल्या होत्या आणि त्या डोळ्यानं त्याला पुढं धड दिसलं नाही. दवाखान्याच्या खाटेवरच त्याला बेडी घातली, कारण दार फोडून म्हातारीचा हात मोडल्याचं सगळ्या जिन्यानं पाहिलं होतं. वेल्डरलाही धरलं.

चौकीवर या वेळी बाई अधिकारी होत्या. त्यांनी बाईच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "हे नवऱ्यानं केलं ना?"

वेल्डर समोरच्या बाकावर बसला होता. म्हातारी शेजारी, हात झोळीत. बाईनं हो म्हटलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती. तिच्या अंगावर नवऱ्यानं केलेलं एवढं होतं की त्यात एक दात सहज खपला असता.

"बोटं आणि केस नवऱ्यानं," बाई सुजल्या तोंडानं म्हणाली. "दात यांनी."

"अगं!" म्हातारी उसळली. "जिवावर उदार होऊन धावत आला तो! वाचवलं ना तुला त्यानं?"

"वाचवलं मावशी. पण मारलंही." ती वेल्डरकडे बघत नव्हती. "मी यांच्या हाताला धरून ओरडत होते. यांना ऐकूच आलं नाही. आमच्या घरात नवऱ्यालाही ऐकू यायचं नाही."

अधिकारी बाईंनी वेल्डरला विचारलं, "खरं आहे का हे?"

"खरं आहे," तो म्हणाला.

जामीन होईपर्यंत तो कोठडीत राहिला. तिथं करण्यासारखं काही नसतं. त्यानं आपले हात पाहिले. ट्रक ड्रायव्हर आठवला. त्याचा चेहरा त्याला आठवेना, हे लक्षात आलं तेव्हा पहिल्यांदा त्याला भीती वाटली. एक माणूस जन्माचा लंगडा केला आणि त्याचं तोंड कसं होतं हेही आपण पाहिलं नव्हतं.

घरी परत आला तेव्हा दाराला कुणीतरी फळ्या ठोकून दिल्या होत्या. म्हातारी खुर्चीत होती, हात प्लॅस्टरमध्ये. तिरपीला इस्त्रीवाल्यानं झाडाखाली पुरलं होतं. बोळकं डॉक्टरीणबाईंकडे होतं. बाई कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली होती.

"मी गप्प बसायला हवं होतं रे," म्हातारी म्हणाली. "आताही. आणि तेव्हाही."

"तोंड तुमचं होतं आई. हात माझा होता."

मग म्हातारीनं त्याला चहा टाकायला सांगितलं, आणि साखर बेताची घाल म्हणून बजावलं.

काही दिवसांनी बाई बोळक्याला घेऊन आली. एकटी नव्हती, मैत्रीण बरोबर होती. दार तिनं उघडंच ठेवलं. टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली. दात पडलेली जागा बोलताना दिसत होती.

"याला मी नेते," ती म्हणाली. "पण माझ्या हातून तो खात नाही. दवाखान्यात त्यांना घाई असते. मावशींचा हात बांधलेला. तुम्ही धरता तशी पकड मला दाखवा."

दादा म्हणाली नव्हती. वेल्डरनं ते ऐकलं.

तिनं बोळक्याला टॉवेलात घेतलं. बोळक्यानं लाथ मारली आणि टॉवेल सुटला. वेल्डरचा हात सवयीनं पुढं गेला, तिच्या हाताखालून आधार द्यायला. ती विजेचा झटका बसल्यासारखी मागं सरली. बोळकं पडता पडता मैत्रिणीनं झेललं.

वेल्डरनं हात मागं घेतले. खुर्ची ओढून भिंतीपर्यंत नेली, बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"मी तोंडानं सांगतो," तो म्हणाला. "आधी त्याला टेबलावर ठेवा. घाई नको. पाय टेकू दे. आता टॉवेल मागून आणा, समोरून आणला की त्याला वाटतं काहीतरी झडप घालतंय. हं. मानेभोवती दोन बोटं जातील एवढंच सैल. डावा पंजा छातीखाली, दाबायचं नाही, नुसता आधार. हलला तर तुम्हीही त्याच्याबरोबर हला. त्याच्याशी भांडायचं नाही. मी पहिल्यांदा भांडलो होतो."

"याला बोलताना ऐकलं नव्हतं कधी इतकं," म्हातारी मैत्रिणीला म्हणाली.

"आता सिरिंज गालाच्या कडेनं. थोडंसं सोडा. थांबा. तो चावेल, गिळेल, मग पुढचं. त्यानं मान फिरवली तर थांबायचं. दर वेळी थांबायचं."

बाईनं मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बघून सिरिंज दाबली. बोळक्यानं तोंड वाकडं केलं, चघळलं, गिळलं. हनुवटीवरून हिरवी धार टॉवेलात गेली. सिरिंज रिकामी व्हायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ वेल्डरचे हात मांड्यांखाली मुंग्या येईपर्यंत दबलेले होते.

जाताना तिनं म्हातारीला मिठी मारली. त्याला मान हलवून "येते" म्हणाली.

खटला लांबत गेला. टँकरवाला निकालाआधीच जामिनावर सुटेल, अशी कुजबूज गल्लीत सुरू झाली. बाईच्या खोलीला प्लायवूडचं हलकं दार होतं. म्हातारी तिच्याकडे अधूनमधून जायची. तिनं येऊन सांगितलं, की एका लाथेचं दार आहे ते. दुसऱ्या दिवसापासून दुकानात इतर कामं बाजूला ठेवून वेल्डरनं लोखंडी दार बांधायला घेतलं. जाड पट्ट्या, आतून सरकणारा अडसर, बिजागऱ्या भिंतीच्या आत गाडलेल्या.

"विचारा तिला, चालेल का," तो सासूला म्हणाला. "नको म्हणाली तर दुसऱ्या कुणालाही विकता येईल."

निरोप आला. चालेल. पण ती कारखान्यात असेल तेव्हा येऊन बसवा. मैत्रीण दुसऱ्या पाळीला असते, ती घरी असेल.

वेल्डर हातगाडीवर दार घालून गेला. मैत्रिणीनं त्याला आत बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. बाहेरच्या बोळात उभा राहून त्यानं भिंत फोडली, चौकट बसवली, जोड दिले. काम संपत आलं तशी आतून शिट्टीसारखी किंकाळी आली. बोळक्याला भुकेची वेळ बरोबर कळत होती. आवाजावरून तरी अंगानं भरलं असावं.

"आता आतून अडसर लावा," तो मैत्रिणीला म्हणाला. "आणि दारापासून लांब उभ्या राहा."

अडसर सरकल्याचा आवाज आला. वेल्डरनं हातातली हत्यारं खाली ठेवली. बोळाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत मागं गेला आणि खांदा पुढं करून दारावर धडकला. दार जागचं हललं नाही. पुन्हा मागं जाऊन लाथ घातली. मग दोन्ही हातांनी पट्ट्या धरून, दातओठ खात, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं, हिसकलं, पुन्हा लाथा घातल्या. शेजारचे लोक बाहेर येऊन बघायला लागले. आत बोळकं भीतीनं चूप झालं. वेल्डर घामानं डबडबला, खांदा सोलवटला, तरी बिजागरी तसूभर सरकली नाही आणि अडसर वाकला नाही.

तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. त्यानं श्वास सावरला, हत्यारं हातगाडीत भरली आणि दारावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केली.

"झालं," तो म्हणाला. "मी जातोय. मी बोळातून बाहेर पडेपर्यंत उघडू नका."